वाकडी नळी

वेलिंग्टनला पोस्टिंग झालं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि तोवर गोल्फचा क्लब हातात धरला नव्हता. मी तोफखान्यातला माणूस. देवळालीला तोफा शिकलो, पुढची वर्षं वाळवंटात आणि बर्फात गेली. निलगिरीत आल्यावर बायको म्हणाली, "आता तरी एखादा निवांत खेळ शिका." निवांत खेळ! गोल्फ खेळणारे वाचक इथे हसले असतील.

माझं दुखणं एकच होतं. चेंडू डावीकडे निघायचा आणि हवेत वळून उजवीकडच्या झाडीत जायचा. याला स्लाइस म्हणतात आणि नवशिक्यांपैकी बहुतेकांना तो छळतो. रविवारी सकाळी आम्ही चौघं खेळायचो. त्यात एक निवृत्त कर्नलसाहेब होते, पंजाबचे. माझा तिसरा चेंडू झाडीत गेला की ते शांतपणे म्हणायचे, "मेजर, नाच न जाने, आँगन टेढ़ा." मी हसून सांगायचो, "सर, आमच्याकडेही हीच म्हण आहे." पण मनात यायचं, अंगण खरंच वाकडं असेल तर? माझा सेट सेकंडहँड होता. बदलीवर निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून घेतलेला. तो माझ्यापेक्षा चांगला चार बोटं बुटका होता.

हात चुकतोय की हत्यार, हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसलो आणि जिथे पोचलो ते ठिकाण गोल्फचं नव्हतं. ते आपल्या तोफखान्याचंच निघालं.

बेंजामिन रॉबिन्स हा इंग्लंडमधला गणिती. १७४२ मध्ये त्याने तोफखान्याच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्या काळच्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत असत आणि गोळी गोल. नेम कितीही नीट धरला तरी गोळी कधी डावीकडे जाई, कधी उजवीकडे. रॉबिन्सचं म्हणणं असं की गोळी नळीतून बाहेर पडताना एका बाजूला घासते, स्वतःभोवती फिरू लागते आणि ही फिरकीच तिला हवेत वळवते. पुढे लिओनार्ड ऑयलरने या ग्रंथाचा जर्मन अनुवाद केला, त्यावर टीपा लिहिल्या आणि हे म्हणणं नाकारलं. ऑयलरच्या मते दोष गोळीच्या घडणीत होता, ती पुरेशी गोल नव्हती. म्हणजे त्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञानेही खापर सामानावर फोडलं!

रॉबिन्सने केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्याने बंदुकीची नळी तोंडाजवळ मुद्दाम डावीकडे वाकवली. समोर ठरावीक अंतरावर पातळ कागदाचे पडदे उभे केले आणि गोळी झाडली. वाकडी नळी डावीकडे बघतेय, तेव्हा गोळी डावीकडे जाणार असंच कोणीही म्हणेल. पहिल्या पडद्यावर भोक डावीकडेच पडलं. पण पुढे गोळी वळली आणि शेवटी नेमाच्या उजवीकडे गेली. कारण वाकलेल्या भागात ती नळीच्या उजव्या भिंतीला घासत बाहेर पडली होती आणि त्या घासण्याने तिला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळाली होती.

आधी डावीकडे, मग वळून उजवीकडे. वाचता वाचता मी खुर्चीतून उठलो. हा तर माझाच स्लाइस होता! गोल्फमध्ये नळीच्या जागी क्लबचं तोंड असतं. चेंडू निघतो तो मुख्यतः त्या तोंडाच्या दिशेने. पण क्लब ज्या वाटेने येतो त्या वाटेच्या मानाने तोंड उजवीकडे उघडं राहिलं, तर चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी बसते. १८५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यानेही तोफगोळे का भरकटतात याचाच शोध घेताना फिरकीचा हा परिणाम प्रयोगाने दाखवला आणि त्याला त्याचं नाव मिळालं.

या रॉबिन्सचा शेवट आपल्या देशात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ले दुरुस्त करायला मुख्य इंजिनिअर म्हणून पाठवलं. इथली हवा त्याला मानवली नाही आणि २९ जुलै १७५१ रोजी कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला. हे कळल्यावर मी आठवड्याची रजा टाकली. बायकोला जिंजी दाखवायची होतीच. छत्रपती राजाराम महाराजांनी वर्षानुवर्षं लढवलेला तो किल्ला पाहून आम्ही कडलूरला उतरलो.

फोर्ट सेंट डेव्हिडचाही मराठ्यांशी संबंध आहे. १६९० मध्ये इंग्रजांनी ही जागा जिंजीच्या मराठा दरबाराकडूनच विकत घेतली. सौदा असा ठरला की किल्ल्यातून तोफ डागायची आणि गोळा जिथवर पडेल तिथवरची गावं इंग्रजांची. त्या गावांना पुढेही 'गुंडू ग्रामं', म्हणजे गोळ्याची गावं, म्हणत. गोळा कुठे पडतो यावर गावांचे मालक बदलले आणि एकसष्ट वर्षांनी त्याच किल्ल्यात, गोळा वळतो का हे शोधणारा माणूस मेला. १७५८ मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेऊन तट पाडले. आता तिथे नदीचं मुख आहे, समुद्राचा वारा आहे आणि थोडे अवशेष. आम्ही अर्धा तास उभे राहिलो. बायकोने विचारलं, "म्हणजे तुमचा चेंडू उजवीकडे का जातो हे बघायला आपण एवढ्या लांब आलो?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

गोल्फ भारतात आला तोही तोफखान्याच्या शेजारी. १८२९ मध्ये कलकत्त्याजवळ दमदमला क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सर्वांत जुना गोल्फ क्लब, आजचा रॉयल कलकत्ता. दमदम तेव्हा बंगाल आर्टिलरीचं मुख्यालय होतं. त्या काळी चेंडू कातड्याचा असे, आत उकडलेली पिसं ठासून भरलेली. कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच व्हायचे, म्हणून महाग. आणि भिजला की जड होऊन फाटायचा. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू होऊ लागले. स्कॉटलंडमध्ये अशी आख्यायिका आहे की पूर्वेकडून पाठवलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवती हा गटापर्चा बांधलेला होता आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला. खरं-खोटं विष्णूला ठाऊक!

नवा चेंडू स्वस्त होता, पाण्याला भीत नव्हता, पण नवा असताना नीट उडत नसे. थोडं उडून तो मान टाकायचा. मग खेळणाऱ्यांच्या आणि कॅडींच्या लक्षात आलं की मार खाल्लेला, चिरा पडलेला जुना चेंडू कोऱ्या चेंडूपेक्षा लांब जातो. हा शोध प्रयोगशाळेत लागला नाही. तो मैदानावर हरवलेले चेंडू गोळा करणाऱ्यांना लागला. लोक कोऱ्या चेंडूवर हातोडीने खुणा पाडू लागले. पुढे साचेच तसे निघाले आणि १९०५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलरने खळग्यांच्या चेंडूच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यामागचं कारण कळायला मात्र वेळ गेला. खळग्यांमुळे चेंडूला चिकटून वाहणारी हवा खवळते, म्हणून ती पृष्ठभाग लवकर सोडत नाही. चेंडूमागची पोकळी लहान होते आणि हवेचा रोध घटतो.

एडिनबराचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट हेही हौशी खेळाडू. त्यांनी चेंडूला लांब सपाट फीत बांधली, तो मारला आणि फितीला किती पीळ पडले ते मोजलं. त्यावरून फिरकीचा वेग काढला. खेळाडू तेव्हा सगळी फिरकी वाईट मानत. टेटनी दाखवलं की खालून वर बसलेली फिरकी चेंडूला हवेत उचलून धरते. तिच्याशिवाय लांबचा फटका जमतच नाही. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट ब्लॅक वॉच पलटणीत लेफ्टनंट होता, १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता. बोअर युद्धात मॅगर्सफाँटाइनला तो जखमी झाला, बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला आणि ७ फेब्रुवारी १९०० रोजी कूडूसबर्गला मारला गेला. वय तीस. वडील पुढच्या वर्षी गेले.

अंगण वाकडं असू शकतं, हे सिद्ध करणारा माणूस म्हणजे कार्स्टन सोलहाइम. जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर, चाळिशीनंतर गोल्फ शिकलेला. पटिंग जमेना. त्याने स्वतःला दोष देण्याआधी पटर नीट पाहिला. चेंडू मधोमध लागला नाही की पटर हातात पिरगळतो, हे ओळखून त्याने वजन दोन्ही टोकांना नेलं. १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये बनवलेल्या त्या पटरचा 'पिंग' असा आवाज यायचा. तेच नाव राहिलं.

आता माझा निकाल. तो कसा लावायचा हे मला गोल्फने नाही, रेंजने शिकवलं होतं. रायफल झिरो करताना आपण आधी ग्रुप बघतो. पाच गोळ्या एका वाटीत मावतील इतक्या जवळ, पण निशाणापासून बाजूला असतील, तर साइट चुकलीय. गोळ्या विखुरल्या असतील, तर आधी फायर करणारा बघायचा.

एका सकाळी मी वीस चेंडू घेतले. क्लबच्या तोंडाला टाल्कम पावडर लावली, म्हणजे चेंडू कुठे लागतो त्याची खूण उमटते. तळाला चिकटपट्टी लावली, म्हणजे कुठला भाग जमिनीला घासतो ते कळतं. कॅडी अण्णा चेंडू पडेल तिथे काटक्या रोवत होते. माझ्या सात नंबरच्या आयर्नचे दहा चेंडू निशाणाच्या उजवीकडे पडले, पण एकमेकांजवळ. पट्टी टोकाकडेच फाटली होती. कर्नलसाहेबांच्या क्लबने मारलेले चेंडू बरेच सरळ गेले. म्हणजे माझे क्लब उंच माणसासाठी फार आडवे होते. टोक जमिनीत रुतायचं आणि तोंड उजवीकडे वळायचं. ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. माझ्या ड्रायव्हरने चेंडू विखुरले आणि साहेबांच्या ड्रायव्हरनेही तसेच विखुरले. तिथे नळी सरळ होती. वाकडा मीच होतो.

अण्णा काटक्या बघून म्हणाले, "सार, आधा क्लब, आधा आप."

आयर्न बेंगळुरूच्या कारागिराकडून दोन अंश उभे करून घेतले. ग्रिप वाळून गुळगुळीत झाल्या होत्या, त्या घरीच बदलल्या. ड्रायव्हरला मात्र कारागीर नसतो. तो अजून चालू आहे.

हे सगळं लिहायचं खरं कारण त्या काटक्यांजवळ उभं असताना आठवलं. मी कॅप्टन असताना युनिटच्या वार्षिक फायरिंगला सोलापूरकडचा एक नवा गनर होता. त्याचे राउंड उजवीकडे जात होते. तो म्हणाला, "साहेब, रायफल उजवीकडं मारतीया." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "रायफल नाही, तू मारतोयस. नाचता येईना, अंगण वाकडं." रांगेतले सगळे हसले. मी त्याचं टार्गेट बघायलाही गेलो नाही. फायरिंग टीमच्या यादीतून त्याचं नाव गेलं. तीन आठवड्यांनी आर्मररने तीच रायफल तपासली. फोरसाइट ठोकर लागून सरकलेली होती. टार्गेटचा कागद हवालदार मेजरने ठेवला होता. तो पाहिला. पाचही भोकं उजवीकडे, आणि एका वाटीत मावतील इतकी जवळ. त्या दिवशी रेंजवर त्याच्याइतका चांगला ग्रुप कोणाचा नव्हता.

मी रायफल दुरुस्त करून घेतली, नोंदही सुधारली. स्पर्धा तोवर झाली होती. त्याला बोलावून 'चूक माझी होती' एवढं मात्र म्हणालो नाही. कॅप्टनला ते जड जातं. मग माझी बदली झाली.

रॉबिन्सने पडदे उभे केले, टेटनी फीत बांधली, कॅडींनी जुने चेंडू जपले. सगळ्यांनी निकाल देण्याआधी गोळा कुठे गेला ते जाऊन पाहिलं. मला त्यासाठी फक्त शंभर मीटर चालायचं होतं.

तो गनर आता निवृत्त झाला असेल. जुन्या साथीदारांकडून त्याचा नंबर मिळवतोय. मिळाला की फोन करून जे तेव्हा म्हणायचं राहिलं ते म्हणेन. तोवर इथे लिहून ठेवतो: रायफल वाकडी होती, तू सरळ होतास.