पाटीवरची पेन्सिल

पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जाणारी बहुधा आमचीच शेवटची पिढी. इंदूरच्या मराठी शाळेत मी पाटीवर लिहायची कमी आणि पेन्सिल खायची जास्त. ती मातकट चव तुमच्यापैकी कितीतरी जणींना आठवत असेल. आई ओरडायची, "पोटात जंत होतील!" पण ती पेन्सिल येते कुठून, करतं कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही.

ती यायची मंदसौरहून. इंदूरपासून जेमतेम दोनशे किलोमीटर. तिथला मऊ दगड खाणीतून काढायचा आणि कापून त्याच्या पेन्सिली करायच्या. विजेवर फिरणारी करवत आली, काम भराभर होऊ लागलं, आणि धूळही तशीच उडू लागली. त्या धुळीत सिलिका असते. श्वासाबरोबर आत गेलेले बारीक कण फुप्फुसात रुतून बसतात, भोवती व्रण धरतात, नि फुप्फुस हळूहळू टणक होतं. याचं नाव सिलिकोसिस. टणक झालेलं फुप्फुस कुठल्याच औषधानं पूर्ववत होत नाही.

खोकला, धाप, वजन उतरणं. लक्षणं थेट क्षयासारखी, आणि अशा फुप्फुसाला क्षय लवकर धरतोही. त्यामुळे खरा आजार झाकलेलाच राहतो. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्यानं १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं सांगून ठेवलंय, की रोग्याला इतर प्रश्न विचाराल तसा आणखी एक विचारा: तुम्ही काम काय करता?

मंदसौरमध्ये तो प्रश्न नीट विचारला गेला तो अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या पाहणीत. १९८५ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ५९३ कामगार तपासले होते. निम्म्याहून जास्त जणांच्या छातीत सिलिकोसिस निघाला. पुढे त्यातल्या काहींचा पाठपुरावा केला, तर १६ महिन्यांत २३ जण गेलेले. मृत्यूचं सरासरी वय ३५च्या आसपास. मी आकडा पुन्हा वाचला. पस्तिशीत आपली मुलं पहिली-दुसरीत असतात. पाटी घेऊन बसलेली.

राज्य सरकारनं १९८२ मध्ये या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. पण गेलेल्या माणसामागे मिळणारा पैसा वेगळा आणि माणूस जाऊच नये म्हणून केलेली सोय वेगळी. संशोधकांनी बोट ठेवलं ते करवतीवर. धूळ उडते तिथेच ती ओढून घेणारी यंत्रणा बसवली, की हवेतली धूळ पुष्कळ कमी होते. तोंडाला फडकं बांधून हे साधत नाही. जे कण फुप्फुसात खोल जातात ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, फडक्यातून सहज पार होतात.

हे वाचलं आणि मला माझाच ओटा आठवला. दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघराचं काम काढलं होतं. एक पोरगा गॅलरीत बसून ग्रॅनाइट कोरडाच कापत होता, तोंडाला रुमाल बांधून. पांढऱ्या धुळीत तो धड दिसतही नव्हता. मी काय केलं? लगबगीनं दार लावून घेतलं, पिठाच्या डब्यांवर जुनी साडी टाकली, आणि आतून चहा पाठवला. ग्रॅनाइटमध्येही सिलिकाच असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण तो धुळीत बसलाय हे तर दिसत होतं ना?

यंदा न्हाणीघराच्या फरश्या बदलल्या. कापणाऱ्याला विचारलं, "भैया, किती वर्षं करताय हे काम?"

"आठ साल हो गए, भाभीजी."

ठेकेदाराला म्हटलं, पाणी सोडून कापायचं यंत्र आणा, तोवर काम थांबलं तरी चालेल. तो कुरकुरला. दोन दिवस गेले, थोडे पैसे जास्त लागले. चिखल झाला खूप. तो मी पुसला.