मृतवत्सा : एका जुन्या दूषणाचा इतिहास

आपल्या जुन्या शब्दभांडारात स्त्रीविषयक काही शब्द असे आहेत, की ते वाचताना आजही मन खिन्न होते. एकाच अपत्यानंतर जिची कूस पुन्हा उजवली नाही ती ‘काकवंध्या’. जिची मुले जन्मतात, पण जगत नाहीत ती ‘मृतवत्सा’. पुरुषासाठी असे शब्द घडविण्याची गरज कोणास वाटली नाही. तान्हे मूल पाचवी-सहावीच्या सुमारास गेले, की सटवाईने तेवढेच लिहिले होते असे म्हणावयाचे. दुसरे आणि तिसरेही गेले, की मग बोट सुनेकडे वळे. पुढे एखादे जगलेच तर त्याचे नाव दगडू, धोंडू किंवा भिकू. अशा टाकाऊ नावाकडे मृत्यूची दृष्टी जाऊ नये, हा त्यामागील भाबडा हेतू.

ह्या सर्व मृत्यूंचे कारण एक नव्हते. धनुर्वात, देवी, हिवताप आणि उपासमार ह्यांनी नेलेली मुलेच अधिक असणार. पण त्या गर्दीत एक प्रकार निराळा होता. पहिले मूल सुखरूप. दुसरे जन्मताच पिवळेधमक होऊन चार दिवसांत जाई. तिसरे तर सुजलेले आणि मृतच जन्मे. आई मात्र धडधाकट. 1609 मध्ये लुईझ बुर्ज्वा ह्या फ्रेंच सुईणीने अशा एका जुळ्याची नोंद करून ठेवली आहे : एक सुजलेले, लगेच गेलेले, दुसरे कावीळ होऊन दगावलेले. ही दोन्ही रूपे एकाच विकाराची आहेत हे डायमंड, ब्लॅकफॅन आणि बॅटी ह्या अमेरिकन डॉक्टरांनी दाखविले ते 1932 मध्ये, म्हणजे सव्वातीनशे वर्षांनी.

कारण सापडले ते एका मातेच्या संकटामुळे. न्यूयॉर्कमध्ये एका स्त्रीला मृत मूल झाले. रक्तस्राव झाल्याने तिला पतीचे रक्त दिले. दोघांचाही गट ‘ओ’. तरीही तिची प्रकृती एकाएकी बिघडली. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन ह्यांनी तिचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या 104 व्यक्तींच्या रक्ताशी ताडून पाहिला; 80 जणांच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या. 1939 च्या आपल्या टिपणात त्यांनी अनुमान मांडले, की बाळाला पित्याकडून आलेल्या कुठल्याशा रक्तघटकाविरुद्ध मातेच्या शरीराने प्रतिद्रव्ये निर्माण केली आहेत. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर ह्यांनी ऱ्हीसस माकडावरून ‘आरएच’ हे नाव रूढ केले. माकडातील घटक आणि माणसातील घटक एक नव्हेत हे पुढे सिद्ध झाले, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

मग उलगडा सोपा होता. आई आरएच निगेटिव्ह, पिता पॉझिटिव्ह आणि बाळ पित्यावर गेलेले. पहिल्या प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते आणि तिचे शरीर ते परके म्हणून ओळखून ठेवते. पुढच्या गर्भारपणी तीच प्रतिद्रव्ये वारेतून पलीकडे जाऊन गर्भाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. म्हणून पहिले वाचते आणि पुढची जातात. युरोपीय लोकांत सुमारे 15 टक्के, तर आपल्याकडे सुमारे 5 टक्के लोक आरएच निगेटिव्ह असतात.

प्रतिबंधाची वाट मात्र आडवळणाने सापडली, आणि मला ह्या इतिहासातील हाच भाग सर्वांत मनोरम वाटतो. माता व बाळ ह्यांचे ए-बी-ओ गटही जुळत नसतील, तर आरएचचा उपद्रव कमी होतो, हे लेव्हिन ह्यांच्या ध्यानात आले होते. एका वैराने दुसऱ्या वैरापासून रक्षण व्हावे, असा हा प्रकार! आईच्या अंगी आधीच असलेली ए-बी-ओची प्रतिद्रव्ये बाळाच्या आगंतुक पेशींचा निकाल लावतात. तिच्या शरीराला त्यांची ओळख पटण्यास अवधीच मिळत नाही. तर मग बाहेरून प्रतिद्रव्य टोचून हेच काम का साधू नये? लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन, तसेच न्यूयॉर्कचे फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक हे स्वतंत्रपणे ह्याच विचारापाशी आले. क्लार्क हे फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक; त्या छंदातूनच ते रक्तगटांकडे वळले. 1968 मध्ये अमेरिकेत ‘अँटी-डी’ला परवाना मिळाला.

मराठी मुलखाचा ह्या शास्त्राशी संबंध आला तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्याच रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली, तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. त्या लेखाचे एक सहलेखक इंग्लंडचे रेस. 1945 मध्ये कूम्ब्ज आणि मूरँट ह्यांच्यासह त्यांनी जी चाचणी प्रसिद्ध केली, तीच आजही आरएच निगेटिव्ह गर्भवतीची करतात. बॉम्बे गटाची स्त्री साध्या तपासणीत ‘ओ’ म्हणून नोंदली जाते. तिच्या बाळाला सहसा धोका नसतो. धोका तिलाच, प्रसूतीत रक्त चढवण्याची वेळ आली तर.

आमच्या हैदराबादेत नीलोफर रुग्णालय 1953 मध्ये सुरू झाले. 1949 मध्ये रफत नावाची दासी बाळंतपणात गेली, तेव्हा स्वतः निपुत्रिक असलेल्या शाहजादी नीलोफरने हा ध्यास घेतला. त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हेही हैदराबाद राज्यातच होते. 1956 मध्ये ते मुंबई राज्यात गेले.

सरकारी सेवेत असताना एका कर्मचाऱ्याच्या वैद्यकीय बिलाची फाइल माझ्यासमोर आली होती. पत्नीला प्रसूतीनंतर अँटी-डी दिलेले. लेखा विभागाचा शेरा होता : रुग्णास कोणताही आजार नसताना महागडे इंजेक्शन कशासाठी? शेरा नियमांना धरूनच होता. जे दुखणे अजून न जन्मलेल्या, कदाचित कधी न जन्मणाऱ्या मुलाचे आहे, त्याला नमुन्यात रकाना नव्हता. मी बिल मंजूर केले.

ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन ह्यांच्या रक्तद्रवात हे प्रतिद्रव्य विपुल होते. 1173 वेळा त्यांनी ते दान केले. फेब्रुवारी 2025 मध्ये ते निवर्तले. आता प्रयोगशाळेत बनविलेले अँटी-डीही आपल्या देशात मिळते. ते गर्भारपणी अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत द्यावयाचे असते. गर्भपातानंतरही त्याचा विचार करावा लागतो. मात्र पहिल्या महिन्यांतच गर्भ पडलेल्या कितीतरी स्त्रियांचा रक्तगट तोवर कोणी पाहिलेलाच नसतो. पुढच्या खेपेस दवाखान्यात त्यांच्या कार्डावर ‘पहिलटकरीण’ असेच लिहिले जाते.