एका दिवसाच्या वाटेवरील संस्थान

जी भूमी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या अवधीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडता येते, तिच्या इतिहासाकडे पाहताना मोठ्या साम्राज्यांच्या इतिहासाची मापे उपयोगी पडत नाहीत. कारण अशा भूमीत सीमा ही दूर कोठेतरी असलेली रेषा नसून प्रत्येक गावाच्या वेशीशी येऊन ठेपलेली वस्तुस्थिती असते, आणि तेथील राज्यकर्त्याला आपल्या वाड्याच्या गच्चीवरून जितका स्वतःचा मुलूख दिसतो तितकाच शेजाऱ्याचाही दिसतो. सावंतवाडी संस्थानाचे क्षेत्रफळ अखेरच्या काळात सुमारे ९२५ चौरस मैल होते. उत्तरेस मालवण आणि साळशीचा प्रदेश, पूर्वेस सह्याद्रीची भिंत व तिच्या पलीकडे कोल्हापूर, दक्षिणेस पोर्तुगीजांचा गोवा आणि पश्चिमेस समुद्र, ज्यावरून एकामागून एक डच आले, इंग्रज आले. या चौकटीत सावंत भोसले घराण्याने तीनशे वर्षांहून अधिक काळ राज्य टिकविले. ते कसे टिकविले, हे जाणण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे माहितगार वाटाड्या बरोबर घेऊन एक दिवस बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ले, रेडी आणि तेरेखोल या क्रमाने जाणे, असे माझे मत आहे.

युरोपात अशा प्रवासाची रूढी चांगली मुरलेली आहे. बल्गेरियाच्या सोफिया या राजधानीतून प्रवाशांच्या गाड्या पहाटे निघतात आणि ११८५ पासून १३९३ पर्यंत त्या राष्ट्राच्या दुसऱ्या साम्राज्याची राजधानी असलेले वेलिको तर्नोवो, किंवा १८७६ च्या तुर्कांविरुद्धच्या उठावाची पहिली ठिणगी जेथे पडली ते डोंगरांतील कोप्रिवश्तित्सा दाखवून रात्री परत आणतात. तेथील वाटाड्या प्रवाशाला केवळ तट आणि रंगीत लाकडी घरे दाखवून थांबत नाही. सुमारे पाच शतकांच्या परकीय अंमलाखाली एका लहान जनसमूहाने आपली भाषा, आपला धर्म आणि आपली कारागिरी कशी जपली, हा एकच धागा तो दिवसभर हातात धरून ठेवतो. आपल्याकडे येणारा प्रवासी मात्र मोती तलावाच्या काठी उभा राहतो, लाकडी फळांची एक परडी विकत घेतो आणि तासाभरात गोव्याच्या वाटेला लागतो. त्याला धागा कोणी दाखविलेला नसतो.

आरंभ बांद्यापासून व्हावा. तेरेखोल नदीच्या काठचे हे गाव आज महामार्गावरील सीमेजवळचे एक ठाणे म्हणून ओळखले जाते. परंतु विजापूरच्या आदिलशाही अंमलात त्याला आदिलाबाद असे भारदस्त नाव होते, आणि १५१४ च्या सुमारास या किनाऱ्याचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने हिंदू व मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती असलेले व्यापारी शहर म्हणून त्याची नोंद घेतली आहे. घाटमाथ्यावरून उतरणारे धान्य आणि किनाऱ्यावरून चढणारा नारळ व मसाले यांची देवघेव अशा नदीकाठच्या पेठांतच होत असे. त्या काळच्या इमारतींचे उरलेले घुमट पाहताना ध्यानात ठेवावयाचे ते हे की, वाडीचे सावंत हे मुळात याच विजापूरच्या दरबाराचे देशमुख होते. त्यांची सत्ता आधी वतनाच्या रूपाने जन्मली आणि पुढे राज्याच्या पदवीस पोहोचली. आणि वतनदाराची दीर्घ, सावध, जमिनीला चिकटून राहणारी बुद्धी त्यांनी राजे झाल्यावरही सोडली नाही.

बांदा सोडून इन्सुलीच्या चढणीला लागताना वाटाड्याने क्षणभर गाडी थांबवावी आणि सोहिरोबानाथ आंबिये यांची कथा सांगावी. १७१४ मध्ये जन्मलेले हे संतकवी बांद्याचे कुलकर्णी. दरबाराचे बोलावणे आले म्हणून सावंतवाडीकडे निघाले असता इन्सुलीच्या रानात फणस फोडून खाण्यास बसले, तेथे एका सिद्धपुरुषाने त्यांच्याकडे काही मागितले, त्यांनी ते आनंदाने दिले, आणि त्या भेटीतच त्यांना नाथपंथाची दीक्षा लाभली, अशी परंपरा आहे. त्यांनी कुलकर्ण्याचे दफ्तर कायमचे खाली ठेवले. पुढे ते उत्तरेकडे गेले आणि महादजी शिंद्यांच्या दरबाराशीही त्यांचा संबंध आला. दीक्षेची कथा श्रद्धेची आहे आणि ती श्रद्धेनेच ऐकावी. परंतु तिच्यातील पार्श्वभूमी इतिहासाची आहे. बांद्याचा हिशेब वाडीला द्यावा लागत होता, हुजुरातून आलेला निरोप टाळता येत नव्हता, आणि त्या दोन गावांमधला रस्ता रानातून जात होता.

सावंतवाडी नगरीस जुन्या काळी सुंदरवाडी म्हणत, आणि चराठे गावाच्या परिसरात तिची वसाहत वाढली. राज्याचा पाया पहिल्या खेम सावंतांनी १६२७ च्या सुमारास घातला, परंतु त्याच्या स्वभावाची खरी ओळख होते ती लखम सावंतांच्या कारकीर्दीत. १६५९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांशी तह करून निम्मा महसूल देण्याचे मान्य केले. पुढे तो तह मोडून पुन्हा विजापूरचा पक्ष धरला. १६६४ मध्ये कुडाळच्या परिसरात महाराजांनी विजापूरच्या खवासखानाचा पराभव केला तेव्हा लखम सावंतांना गोव्याच्या हद्दीत आश्रय घ्यावा लागला, आणि अखेरीस शरण येऊन कुडाळची सरदेसाई स्वीकारावी लागली. या वर्तनाला चंचलपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तीन प्रबळ सत्तांच्या सांध्यावर ज्यांचे घर होते त्यांच्या तहांचा अर्थ, ज्यांच्यामागे पाठीशी घालणारा विस्तीर्ण मुलूख होता त्यांच्या तहांप्रमाणे लावणे मला न्यायाचे वाटत नाही. वाडीकरांनी प्रत्येक नव्या सत्तेकडून सनद मिळविली, जुनी जपून ठेवली आणि दोन्हींच्या आधारे वहिवाट चालू ठेवली. दुसऱ्या खेम सावंतांनी याच नीतीने मोगलांकडून आणि पुढे शाहू छत्रपतींकडूनही आपल्या मुलखास मान्यता मिळविली.

राजवाड्यात शिरताना ज्यांचे स्मरण करावयाचे ते तिसरे खेम सावंत. १७५५ पासून १८०३ पर्यंतची त्यांची कारकीर्द हा वाडीचा सुवर्णकाळ आणि त्याच वेळी तिच्या संकटांचाही काळ. १७६३ मध्ये त्यांचा विवाह जयाप्पा शिंद्यांची कन्या लक्ष्मीबाई हिच्याशी झाला, दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना राजेबहादूर हा किताब मिळाला, मोरचेलाचा मान आला. आणि हाच मान कोल्हापूरकरांना सहन न झाल्याने घाटालगतचे किल्ले घेण्यासाठी दीर्घ वैर सुरू झाले. तोच राजा पंडितांना आश्रय देई, शास्त्रार्थ ऐके. तेलंगणातून धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी आलेल्या ब्राह्मणांनी बरोबर गंजिफा हा खेळ आणला, राजाला तो आवडला आणि वाडीच्या चिताऱ्यांनी ती पाने रंगविण्याची कला आत्मसात केली, असे येथे परंपरेने सांगतात.

या कलेपाशी मी जरा रेंगाळू इच्छितो, कारण संस्थान विलीन झाले, मोरचेल गेले, परंतु हे हातांतले ज्ञान राहिले. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची दहा पाने. मिळून १२० पाने. मोगल पद्धतीच्या संचात आठ रंग, म्हणजे ९६ पाने. पान गोल असते. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवावयाचे, दगडाने घोटून गुळगुळीत करावयाचे, त्यावर रंग चढवावयाचे, आणि बारीक केसांच्या कुंचल्याने मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या आकृती रेखून शेवटी लाखेचा लेप द्यावयाचा. एका तळहाताहून लहान वर्तुळात वराहाचे बळ आणि वामनाचे बटुत्व दोन-चार रेषांत उभे करणे हे केवळ खेळण्याच्या साधनाचे काम नव्हे. ते मूर्तिशास्त्राचे अध्ययन आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांना कोणत्याही विद्यालयाने पदवी दिलेली नाही. लाकडी फळांची कला हिच्याच जोडीची. चितार आळीत लाकूड चरकावर फिरवून त्यावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते, आणि केवड्याच्या पानाने ती चमकविली जाते. आंबे, केळी, सीताफळे, पाट, पाळणे यांचा व्यापार या आळीने वाढविला. तरी विसाव्या शतकाच्या मध्यास छापील पत्त्यांच्या प्रसारापुढे गंजिफा रंगविणारे हात फार थोडे उरले होते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिराकडून ही विद्या समजून घेतली, राजवाड्याच्या दरबार दालनातच तरुणांना कामास बसविले, आणि ज्या दालनात पूर्वी मुजरे झडत तेथे कुंचले चालू लागले. राजघराण्याने आपल्या गतवैभवाचा याहून चांगला उपयोग केल्याचे उदाहरण मला महाराष्ट्रात आठवत नाही.

तिसऱ्या खेम सावंतांच्या निधनानंतरचा इतिहास वाटाड्याने थोडक्यात उरकला तरी चालेल. वारसाहक्काचे कलह, राण्यांचा कारभार, कोल्हापूरची चढाई, आणि या साऱ्यांतून वाढत गेलेला कंपनी सरकारचा हात. १८३८ मध्ये इंग्रजांनी कारभार आपल्याकडे घेतला, १८४४ मध्ये मनोहरगड आणि मनसंतोषगडाच्या परिसरात बंड पेटले आणि ते मोडून काढण्यात आले. नगरीच्या मध्यभागी असलेला मोती तलाव १८७४ चा, म्हणजे त्या शांत झालेल्या, देखरेखीखालच्या काळाचा आहे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १ मे १९८१ पासून हा प्रदेश सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो.

दुपार टळता वेंगुर्ल्यास पोहोचावे. येथे पाहावयाची वस्तू एकच, आणि ती पडझडीच्या अवस्थेत आहे: डचांची वखार. १६३७ च्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीने विजापूर दरबाराच्या संमतीने येथे पाय रोवला, तो प्रामुख्याने मिऱ्यांसाठी नव्हे, तर गोव्यासाठी. पोर्तुगीजांच्या राजधानीची समुद्रमार्गे नाकेबंदी करणाऱ्या डच आरमारास पाणी, धान्य आणि बातम्या पुरविणारे ठिकाण त्यांना हवे होते, आणि गोव्यापासून इतक्या जवळ असूनही पोर्तुगीजांच्या हाताबाहेर असलेले वेंगुर्ले त्या कामास योग्य होते. जाड भिंतींची ही इमारत म्हणजे बटाव्हियापासून लिस्बनपर्यंत पसरलेल्या एका झगड्याचे कोकणातील टोक होय. शिवाजी महाराजांच्या आणि मोगलांच्या फौजांनी हे शहर जाळल्याचे, आणि १६९६ मध्ये खेम सावंतांनी डच अधिकाऱ्याच्या भेटीच्या निमित्ताने आत शिरून वखार लुटल्याचे गॅझेटिअरात नमूद आहे. पुढे इंग्रजांनी येथे वखार घातली आणि १८१२ मध्ये, समुद्रावरील लुटारूंचा बंदोबस्त व्हावा या कारणाने, वाडीच्या दरबाराकडून किल्ला व बंदर लिहून घेतले. त्या दिवसापासून संस्थानाचे स्वतःचे मोठे बंदर गेले. आंबोली घाटातून बेळगावच्या छावणीकडे जाणारी रसद वेंगुर्ल्यास उतरू लागली आणि शहराची भरभराट झाली, पण ती जकात वाडीच्या खजिन्यात जात नव्हती. ज्या राज्याला समुद्र दिसतो परंतु ज्याचे बंदर त्याचे नाही, त्याच्या दारिद्र्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

वखारीच्या भिंतींत रुजलेली झाडे मुळे आत घालीत आहेत. ती राज्य शासनाची संरक्षित वास्तू आहे, आणि संरक्षण हा शब्द कृतीत उतरावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण मराठी मुलखात डचांच्या सत्तेची इतकी स्पष्ट खूण दुसरीकडे सहसा आढळत नाही.

वेंगुर्ल्याहून दक्षिणेस शिरोडे लागते. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत येथे शिक्षक होते, आणि १९३० च्या मे महिन्यात येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, ज्यासाठी महाराष्ट्राच्या दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे आली. त्यापुढे रेडीचा यशवंतगड: खाडीच्या मुखावर पहारा देणारा, वडाच्या मुळांनी वेढलेला, अनेक हातांतून गेलेला. १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला आणि काही वर्षांनी वाडीकरांना परत मिळाला. १७६५ मध्ये इंग्रजांनी जिंकला आणि पुन्हा परत केला. अखेर १८१९ मध्ये जनरल केर याच्या फौजेपुढे तो पडला आणि त्याच वर्षीच्या तहनाम्याने वाडीने इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले. या किल्ल्याच्या तटावर उभे राहून तारखा सांगितल्या की त्या पाठ कराव्या लागत नाहीत, कारण खाली खाडी दिसते, पुढे समुद्र दिसतो, आणि प्रत्येक सत्तेला हा दगडांचा ढीग का हवा होता हे आपोआप उमगते.

दिवस मावळण्यापूर्वी तेरेखोलचा किल्ला गाठावा. हा वाडीकरांनीच सतराव्या शतकात नदीच्या उत्तर काठावर बांधला. १७४६ च्या नोव्हेंबरात आलोर्नाचा मार्क्विस या किताबाने पुढे ओळखल्या गेलेल्या व्हाइसरॉयने तो घेतला, आणि रेडी परत आली तरी तेरेखोल आले नाही. किल्ल्यात चर्च उभे राहिले. पुढे १७८१-८२ मध्ये डिचोली व सत्तरी आणि १७८८ मध्ये पेडणे, असा वाडीचा दक्षिणेकडील मुलूख एकेक महाल करून गोव्यात गेला, आणि त्यालाच पोर्तुगीज आपल्या नव्या काबिजादी म्हणू लागले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. एक दिवस किल्ला त्यांच्या हाती राहिला, आणि नंतर पोर्तुगीजांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकले. गोवा मुक्त होण्यास १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. नदीच्या उत्तर काठचा तेरेखोलचा तो तुकडा आजही गोवा राज्यातच मोडतो; दक्षिणेकडून यावयाचे तर केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट, आणि जमिनीवरून यावयाचे तर जुन्या वाडी संस्थानातून, रेडीवरून येणारा रस्ता.