हिशेब लागला होता, पण कुणाचा?

काळे लोक गुलामगिरीची भरपाई मागतात तेव्हा गोरे म्हणतात, 'जुनं झालं, आता हिशेब कसा लावणार?' मी इतिहास चाळला. हिशेब तर तेव्हाच लागला होता. फक्त उलटा.

1833 साली ब्रिटननं गुलामगिरी संपवायचा कायदा केला आणि 2 कोटी पौंड मंजूर केले. कुणाला? मालकांना! राबणाऱ्याला दमडी नाही. उलट 'उमेदवार' म्हणून त्याला 1838 पर्यंत राबवलं. त्यापायी काढलेलं कर्ज 2015 साली फिटलं. म्हणजे ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या गुलामांच्या वंशजांनीही ते फेडलं.

अमेरिकेत 1862 साली वॉशिंग्टन शहरात तेच. माणसामागं 300 डॉलरपर्यंत, मालकाच्या खिशात. जानेवारी 1865 मध्ये जनरल शर्मननं दक्षिण किनाऱ्याची जमीन सुटलेल्या गुलामांना कुटुंबामागं 40 एकरांपर्यंत द्यायचा हुकूम काढला. वर्ष सरायच्या आत अध्यक्ष जॉन्सननं ती जुन्या मालकांना परत करायला लावली.

1989 साली खासदार जॉन कॉन्यर्सनी बिल आणलं : भरपाईचा नुसता अभ्यास करा. 2017 पर्यंत ते पुन्हा पुन्हा मांडत राहिले. पास झालं नाही.

ब्लॅक पँथरवरून 1972 साली आपल्याकडं दलित पँथर उभी राहिली. नावाबरोबर हा धडाही घेऊ. भरपाई म्हणजे भीक नव्हे, थकलेली मजुरी आहे. 'जुनं झालं' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा : मग मालकाचा हिशेब कसा लागला?