बारा आण्यांचा ठराव

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्गात वारली चित्रे शिकविली गेली तेव्हापासून आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी त्या पांढऱ्या रेघांची एखादी पिशवी, एखादी पणती, नाही तर भिंतीवरची चौकट आलेली आहे. माझ्याही घरी आहे. त्या चित्रांत जो मोठा चौक असतो, तो लग्नाचा. झोपडीची भिंत गेरूने सारवून तांदळाच्या पिठाने सवासिनी तो काढतात, मध्ये पालघट देवी बसवितात आणि त्यावाचून लग्न लागत नाही. हे सारे वर्गात सांगितले गेले. पण त्याच झोपडीतले ते लग्न पूर्वी कोणत्या पैशाने होई, हे काही सांगितले गेले नाही. स्मरणिकेसाठी ‘काहीतरी इतिहासाचे लिहा’ असा आग्रह झाला तेव्हा मला तेच लिहावेसे वाटले.

ते लग्न जमीनदाराच्या कर्जाने होई. डहाणू आणि उंबरगाव हे तेव्हा ठाणे जिल्ह्याचे तालुके. (उंबरगावचा बराच भाग १९६० साली गुजरातेत गेला, आणि बाकीचा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) वारल्याच्या हातची जमीन कधीच सावकाराकडे गेलेली होती. लग्नासाठी थोडे पैसे उसने घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवऱ्याने व बायकोने दोघांनीही त्याच्याकडे राबायचे, अशी चाल होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही सावकाराच्या हातात. जे लग्नगडी नव्हते त्यांनाही वेठ होतीच. पावसाच्या तोंडावर, जेव्हा स्वतःच्या तुकड्यात भात लावायचे, नेमके तेव्हाच आधी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचे. श्रावणात घरातले दाणे संपले म्हणजे ‘खावटी’ घ्यायची आणि पीक आल्यावर ती दिडीने, दुपटीने परत करायची. घर चालविणाऱ्या बाईला या खावटीचा अर्थ अधिक समजावून सांगायला नको.

या मुलखात १९४५ साली ज्या बाई गेल्या, त्या पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या. गोदावरीबाई परुळेकर वकिलीची पदवी घेतलेल्या होत्या, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद होत्या, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या होत्या. त्यापूर्वी, १९३८ च्या सुमारास, त्यांनी मुंबईत घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधण्याचाही प्रयत्न केला होता. हे मी वाचले तेव्हा जरा चपापले, हे कबूल केले पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या बाईंना मी काय द्यावे हे त्यांच्याशी बोलून मी कधी ठरविलेले नाही. शेजारी काय देतात ते विचारले आणि तेवढे दिले.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तिला काही वारली आले होते. त्यांच्यातले माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांची स्थिती तिथे मांडली. मग गोदावरीबाई व त्यांचे पती शामराव त्या भागात पायी हिंडू लागले, झोपड्यांतून राहू लागले. वारली बाईंना पुढे ‘गोदाराणी’ म्हणू लागले.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी या गावी सभा झाली. सुमारे ५००० वारली जमले होते. तिथे ठरले ते इतके थोडे होते की ते लिहून घ्यायची गरजच नव्हती, आणि लिहिता येणारे तरी तिथे किती असणार? वेठ करायची नाही. जमीनदाराच्या शेतावर जायचे तर दिवसाला रोख १२ आणे घेऊनच जायचे. मारहाण, जुलूम सोसायचा नाही. आणि सर्वांनी एक राहायचे.

आणे-पै ज्यांनी पाहिले नाहीत त्या लेकी-सुनांसाठी सांगते : १६ आण्यांचा रुपया, म्हणजे १२ आणे हा पाऊण रुपया. आकडा लहान आहे. पण मला या ठरावातले ‘दिवसाला’ आणि ‘रोख’ हे दोन शब्द आकड्यापेक्षा मोठे वाटतात. ज्याला धन्याचाच माणूस समजले जाते त्याच्या कामाला भाव नसतो, जसा घरच्या बैलाच्या कामाला नसतो. मजुरी फार कमी आहे, अशी ही तक्रार नव्हती. मजुरी म्हणून काही असते आणि ती आम्ही सांगू, असे ते म्हणत होते. झरीहून परतलेल्या लोकांनी गावोगाव जाऊन लग्नगड्यांना सोडविले, आणि थोड्या आठवड्यांत वेठ बहुतेक ठिकाणी बंद पडली.

खरी कसोटी पुढे आश्विनात लागली. त्या मुलखातले गवत मुंबईला जात असे, तबेल्यातल्या म्हशींसाठी. म्हणजे मुंबईकरांच्या चहातले दूध त्या गवतावर होत होते. पावसानंतर गवत ठरावीक दिवसांतच कापावे लागते. उभे राहिले तर वाळून जाते. वारल्यांनी मागणी केली, ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंहून अधिक. तो सगळा भार विळ्याने कापायचा, तोही वाकून. दर मिळेपर्यंत विळा उचलायचा नाही असे ठरले, आणि गवत उभे राहिले.

तेव्हा गोदावरीबाईंच्या नावाने एक खोटा निरोप पसरविण्यात आला. तो ऐकून हजारो वारली १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यास जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. आपल्या बाईंचे नाव निघाले म्हणून ही माणसे धावून आली होती. सभाबंदीचे हुकूम निघाले. संप मात्र मोडला नाही, आणि गवताचा दर जमीनदारांना द्यावा लागला.

पुढच्या वर्षी जंगलातल्या लाकूडतोडीचा प्रश्न आला. मागणी दिवसाला सव्वा रुपयाची होती. तोपर्यंत मुंबईत आपले लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले होते, त्यामुळे काम सोपे होईल असे वाटावे. तसे झाले नाही. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी नोव्हेंबर १९४६ मध्ये दर कबूल केला, पण परुळेकर पतिपत्नींना जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले, आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवलीस पुन्हा गोळीबार होऊन माणसे मेली. आपल्या सरकारच्या हातून हे झाले, हे लिहिताना बरे वाटत नाही, पण झाले ते झाले.

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली आला. वेठबिगारीस देशभर बंदी करणारा कायदा यायला १९७६ उजाडावे लागले. झरीच्या सभेला तोवर ३१ वर्षे होत आली होती.

गोदावरीबाईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले. ते १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाई ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गेल्या. पुस्तकाची एक प्रत आपल्या मंडळाच्या कपाटात आहे, वरून दुसऱ्या खणात. तिची पाने सुटू लागली आहेत, तेव्हा नेणाऱ्या भगिनीने जपून हाताळावी आणि वहीत नाव लिहून न्यावी.