गीलचे घरपाहुणे

मनाचा तोल सुटलेल्या माणसाचें काय करावें, या प्रश्नाला बहुतेक समाजांनीं शतकानुशतकें एकच उत्तर दिलें: त्याला दृष्टीआड करावें. कोठें सांखळी, कोठें कोठडी, कोठें गांवाबाहेरची उंच भिंत. परंतु बेल्जम देशांत, अँटवर्प प्रांतांतील रेताड मुलुखांत, गील नांवाचें एक गांव आहे. त्या गांवानें या प्रश्नाचें निराळें उत्तर दिलें आणि तें कित्येक शतकें टिकवून धरलें. गीलच्या लोकांनीं अशा माणसाला आपल्या घरांत घेतलें व जेवणाच्या वेळीं आपल्या शेजारीं बसविलें. या इतिहासाचा नायक कोणी राजा नव्हे कीं कोणी मोठा वैद्य नव्हे. शेतकरी, कारागीर आणि विशेषेंकरून त्यांच्या घरच्या बायका यांनीं तो घडविला आहे.

याचा उगम एका दंतकथेंत आहे. सातव्या शतकांत आयर्लंडमध्यें डिंफ्ना नांवाची एक राजकन्या होती, असें ही कथा सांगते. राणी मरण पावली आणि शोकानें राजाची बुद्धि भ्रष्ट झाली. त्या भरांत त्यानें आपल्या कन्येशींच विवाह करण्याचा हट्ट धरला. कन्या एका वृद्ध धर्मगुरूसह समुद्र ओलांडून गीलला पळून आली. पण राजानें तिचा माग काढला आणि स्वतःच्या हातानें तिचा शिरच्छेद केला. पुढें लोक तिला संत मानूं लागले. जिचा बळी वेडानें घेतला, तीच वेड्यांची कैवारी ठरली.

चौदाव्या शतकांत गीलमध्यें तिच्या नांवें मोठें देऊळ बांधण्यास आरंभ झाला आणि दूरदूरचे लोक आपल्या पीडित आप्तांना घेऊन तेथें येऊं लागले. देवळाला लागून एक खोली होती. तींत अशा माणसानें नऊ दिवस राहून अनुष्ठान करावयाचें, अशी रीत होती. परंतु यात्रेकरू इतके वाढले कीं खोली पुरेना. तेव्हां आसपासच्या घरांतून त्यांची राहण्याची सोय होऊं लागली. नऊ दिवस संपले तरी ज्यांना उतार पडत नसे, असे कित्येकजण तेथेंच राहिले. आज आलेला पाहुणा उद्यां गुरांमागें जाऊं लागला, परवां मुलांना खेळवूं लागला. पाहतां पाहतां गांवाचा शेजारधर्म हीच एक संस्था होऊन बसली.

या गोष्टीला केवळ पुण्याईचा मुलामा देणें मात्र योग्य होणार नाहीं. पाहुण्याच्या खर्चाबद्दल यजमानाला पैसे मिळत आणि शेतांत दोन हात अधिक राबत. दया आणि व्यवहार येथें एकाच घरांत नांदले. शिवाय जुन्या काळीं जे अनावर होत, त्यांच्या पायांत गीलमध्येंहि बेड्या पडत. फ्रान्समधील प्रसिद्ध मनोवैद्य एस्किरोल इ. स. १८२१ मध्यें गीलला गेला होता. त्याच्या काळींहि ही चाल तेथें चालू होती. पुढें इ. स. १८५० मध्यें बेल्जममध्यें मनोरुग्णांविषयीं कायदा झाला आणि १८५२ पासून सरकारनें गीलची व्यवस्था आपल्याकडे घेतली. वैद्यांची देखरेख आली, आणि १८६२ मध्यें इस्पितळ सुरू झालें. ज्याला औषधाची किंवा थोड्या दिवसांच्या शुश्रूषेची गरज असेल, त्यानें तेथें जावें आणि बरें वाटतांच घरीं परत यावें, अशी घडी बसली. इस्पितळ आलें, पण त्यानें घराची जागा घेतली नाहीं.

गीलचें नांव शेजारच्या देशांतहि पसरलें होतें. पुढें जगद्विख्यात झालेला चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग तरुणपणीं मनानें खचला होता. तेव्हां, इ. स. १८८० च्या सुमारास, त्याला गीलला पाठवावें असें त्याच्या वडिलांनीं योजिलें होतें. तो बेत तडीस गेला नाहीं. परंतु हॉलंडमधील एका पाद्र्यालाहि आपल्या मुलासाठीं हें गांव आठवावें, यांतच त्याच्या लौकिकाची साक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं, १९३८ च्या सुमारास, गीलमधील पाहुण्यांची संख्या साडेतीन हजारांवर गेली होती.

या घरांत असें काय होतें, कीं ज्यानें दुखावलेल्या मनाला आधार मिळावा? पहिली गोष्ट नांवाची. गीलचे लोक अशा माणसाला रोगी म्हणत नाहींत. दुसऱ्याच्या घरीं पैसे देऊन जेवण्याराहण्याची सोय करणाऱ्याला जो शब्द लावावा, तोच याला लावतात. दुसरी गोष्ट कामाची. ज्याला जें जमेल तें त्यानें करावें: कोणी सरपण आणावें, कोणी बटाटे सोलावे, कोणी पाळणा हलवावा. आपल्यावांचून कोणाचें तरी अडतें, ही जाणीव खचलेल्या मनाला मोठी उभारी देते. तिसरी गोष्ट अशी, कीं पाहुण्याचा विक्षेप घरानें पोटांत घालावा; त्याला सुधारण्याचा ध्यास घेऊं नये.

गीलविषयीं लिहिणाऱ्यांनीं या सहनशीलतेचे दाखले दिले आहेत. एका पाहुण्याला आपल्या सदऱ्याचीं बटणें पिळून तोडण्याची संवय होती. घरची बाई रोज रात्रीं तीं पुन्हां लावून देई. न तुटणारा नायलॉनचा दोरा वापरा, असें कोणीं सुचविलें, तेव्हां तिनें तें साफ नाकारलें. त्याला बटणें तोडण्याची गरज आहे, असें तिचें म्हणणें पडलें. दुसऱ्या एकाला भिंतींतून सिंह बाहेर येत असल्याचा भास होई. यजमानीण सिंहांना हुसकून लावल्याचें सोंग करी, आणि तो शांत होई. या दोघींनीं कोणतेंहि शास्त्र पढलेलें नव्हतें. परंतु घाबरलेल्या माणसाशीं वाद घालण्यापेक्षां त्याच्या बाजूनें उभें राहावें, हें त्यांना ठाऊक होतें.

लाभ एकट्या पाहुण्याचा झाला, असेंहि नाहीं. अशा घरांत वाढलेलीं मुलें विचित्र वागणाऱ्या माणसाला भीत नाहींत कीं हंसत नाहींत. मोठेपणीं तींच यजमान होतात. कित्येक घरांत हा वसा पिढ्यान् पिढ्या चालत आला तो असा. आणि ज्या गांवांत वेडाची लाज वाटत नाहीं, तेथें स्वतःचें मन बिघडलें तरी तें लपविण्याचें कारण उरत नाहीं.

काळ मात्र पालटला. शेतें कमी झालीं, घरच्या बायका नोकरीसाठीं बाहेर पडूं लागल्या, नवीं औषधें आलीं. एकविसाव्या शतकांत पाहुण्यांची संख्या दोन-अडीचशेंपर्यंत उतरली. तरी परंपरा तुटली नाहीं. इ. स. २०२३ मध्यें युनेस्कोनें ती जपणुकीच्या अनुकरणीय उदाहरणांत नोंदविली.

मनाच्या व्याधीला वैद्य हवा, औषधहि हवें. गीलनें तें कधीं नाकारलें नाहीं. परंतु औषध घेऊन झाल्यावर उरलेला सारा दिवस माणसानें कोठें आणि कोणाबरोबर घालवावा, हा प्रश्न राहतोच. त्याचें उत्तर कोणत्याहि औषधालयांत मिळत नाहीं. गीलच्या त्या बाईच्या हातांतील सुईदोऱ्यांत तें होतें, आणि तसा सुईदोरा प्रत्येक घरीं असतो.