काळा रंग मोठ्याने वाजतो

काळं जास्त तापतं, हे बाळापुरात कोणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. मे महिन्यात पांढरा रुमाल बांधून शेतात जाणारा माणूस आणि काळ्या बुरख्यात बाजार करणारी बाई, दोघांनाही ते ठाऊक असतं. पण काळं नुसतं तापत नाही, ते आवाजही करतं. हा शोध १८८० सालचा. आज तो दवाखान्याच्या दारात उभा आहे आणि त्याचा आपल्या कातडीशी थेट संबंध आहे, म्हणून त्याचा इतिहास सांगतो.

टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स समनर टेंटर तेव्हा वॉशिंग्टनमध्ये उन्हाच्या किरणावरून बोलणं पाठवायच्या खटपटीत होते. त्या यंत्राचं नाव फोटोफोन. बेल यांना त्याचं इतकं वेड, की त्याच वर्षी जन्मलेल्या मुलीचं नावही त्यांना फोटोफोन ठेवायचं होतं. बायकोने ऐकलं नाही. या प्रयोगांत त्यांच्या लक्षात आलं, की भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीमधून ऊन तुटक तुटक करून रबराच्या पातळ पडद्यावर पाडलं, तर तो पडदा स्वतःच गुणगुणतो. प्रकाश पडला की वस्तू किंचित तापून फुगते, हटला की निवून आकसते. सेकंदाला शेकडो वेळा असं झालं की हवा हलते आणि कानाला सूर लागतो. पुढे त्यांनी लोकर, रेशीम, कापूस असे कितीतरी पदार्थ तपासले. गडद रंगाचे पदार्थ जास्त मोठ्याने वाजले. त्यांतही काजळी सगळ्यांत जोरात.

पुढच्याच वर्षी जॉन टिंडल आणि विल्हेल्म राँटजेन यांनी वायूंवर असेच प्रयोग केले. याच राँटजेननी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि शरीराच्या आत डोकावायचा रस्ता तिकडे वळला. प्रकाशाचा आवाज मात्र बराच काळ वैद्यकाबाहेर राहिला. लेझर यायला १९६० साल उजाडलं, सोनोग्राफीची यंत्रंही त्याच काळात घडत होती. दोन्ही एकत्र आल्यावर २००३ मध्ये लिहाँग वाँग यांच्या गटाने उंदराची कातडी आणि कवटी न उघडता त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढून दाखवलं.

पद्धत अशी. लेझरचा अतिशय छोटा झोत, सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा असा, अंगावर सोडतात. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, अगदी नगण्य तापतं आणि कानाला ऐकू न येणारा आवाज करतं. सोनोग्राफीसारखा प्रोब तो टिपतो आणि आवाज किती वेळाने पोचला यावरून संगणक जागा ठरवतो. मांसात शिरलेला प्रकाश लगेच विखुरतो, आवाज तेवढा विखुरत नाही. म्हणून ही जोडी. दोन वेगळ्या रंगांचे झोत वापरले, तर कुठल्या रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे आणि कुठल्यात कमी, तेही कळतं. क्ष-किरण लागत नाहीत. खोली मात्र काही सेंटिमीटरच. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, त्यामुळे स्तनाच्या गाठी तपासायला ही पद्धत उपयोगी वाटते. अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये अशा एका यंत्राला परवानगी मिळाली. सांधेदुखीपासून त्वचेच्या कर्करोगापर्यंत इतर वापरांवर संशोधन चालू आहे.

आता पुन्हा काजळीकडे येऊ. कातडीला सावळा रंग देणारं मेलॅनिन प्रकाश शोषतं. कातडी जितकी गडद, तितका जास्त प्रकाश वरच अडतो, आत कमी पोचतो. वर कातडीचा स्वतःचा आवाज चित्रात गोंधळ घालतो. बेल यांच्या प्रयोगातलाच नियम हा, इथे फक्त माणसाला लागू झालेला. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मुयिनातू बेल (आडनाव योगायोगाने तेच) आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी १८ जणांच्या मनगटाजवळची धमनी तपासली. नेहमीच्या पद्धतीत गडद कातडीखालची धमनी अस्पष्ट दिसत होती. आवाजाचा हिशेब बदलल्यावर ती स्पष्ट झाली. म्हणजे दोष कातडीचा नव्हता, हिशेबाचा होता.

ही पुस्तकी चिंता नाही. कोरोनात आपण घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावत होतो. तोही प्रकाशावरच चालतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं, की काळ्या रुग्णांचा ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं.

आपल्या जलशांत आणि शाळांच्या कार्यक्रमांत प्रकाशाचा विषय निघाला की इब्न अल-हैसम यांचं नाव येतं. हजार वर्षांपूर्वी त्यांनी प्रकाशावर मूलभूत काम केलं, अभिमान रास्तच आहे. पण त्यांचा वारसा नावात कमी आणि सवयीत जास्त आहे असं मला वाटतं. जुन्या पंडितांनी लिहिलंय म्हणून मानू नका, तपासा, ही ती सवय. उद्या हे यंत्र अकोल्यात येईल. तेव्हा बाळापूरची एखादी मुलगी तिथे तंत्रज्ञ म्हणून काम करत असावी, आणि विकायला आलेल्या माणसाला तिने पहिला प्रश्न विचारावा: हे आमच्यासारख्या किती अंगांवर तपासलंय?